सव्वा महिना झाला की मगच विमान

रहाटणी, पिंपळे सौदागर, काळेवाडी, वाकड या पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये माहेरच्या बाळंतपणाला आता पासपोर्ट जोडला गेला आहे. जावई हिंजवडीच्या आयटी कंपनीकडून न्यू जर्सीला किंवा चाकणच्या गाडी कारखान्याकडून जर्मनीला गेलेला असतो, लेक त्याच्यासोबत असते आणि दिवस गेले की सातव्या महिन्याच्या आसपास ती इकडे येते. त्यापुढे लांबवून चालत नाही. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर घेतच नाहीत. येणे तसे सोपे असते. परत जाताना मात्र प्रवासी दोन असतात. त्यातल्या एकाला अजून नावही नसते आणि दुसरीचे टाके नुकतेच भरून येत असतात.

अशा घरात सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘किती दिवसांच्या बाळाला विमानात घेतात?’ उत्तर सोपे आहे, पण त्याच्या जोरावर तिकीट काढू नये. जन्मानंतरच्या पहिल्या ४८ तासांत बाळाला विमानातून नेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनेक कंपन्यांनी ही मर्यादा सात दिवसांची ठेवली आहे, तर काहींची आणखी कमी किंवा जास्त आहे. हा नियम फक्त बाळाला दारातून आत घेतील की नाही एवढेच सांगतो. प्रवास झेपेल का, आणि मुख्य म्हणजे आईला झेपेल का, याचा विचार त्यात नाही.

विमानाच्या आतली हवा सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. मुंबईहून फ्रँकफर्टला जाणारे बाळ सुमारे नऊ तास कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच जागी बसल्यासारखे असते. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला ते सोसते. पण कावीळ पूर्ण उतरली आहे का, वजन जन्माच्या वजनाच्या पुढे गेले आहे का, हृदयाचा किंवा श्वासाचा काही त्रास नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय जाऊ नये. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल तर वय जन्मतारखेपासून मोजू नका. डॉक्टर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून हिशेब करतील.

आता आईकडे वळू. घरातले सारे लक्ष पाळण्याकडे असते आणि बाजेवरची बाई मागे पडते. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणातल्यापेक्षाही जास्त असतो, कारण रक्तस्राव थांबावा म्हणून शरीरच रक्त लवकर गोठेल अशी तजवीज करते. चार तासांहून लांबचा प्रवास एका जागी बसून केला की कोणाचाही हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आढळले. या दोन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येऊ देऊ नयेत. सिझेरियन झाले असेल, वजन जास्त असेल किंवा घरात कोणाला अशी गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: पायमोजे कोणते घालू? रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन लागेल का? आपणहून हे सांगायला ओपीडीच्या गर्दीत त्यांना सुचेलच असे नाही.

आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या रिवाजावर शिकलेल्या पोरी वैतागतात आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी वैतागावे अशाच आहेत. भर मेमध्ये बंद खोलीत शेगडी आणि धुरी आई-बाळ दोघांच्याही छातीला वाईट. पण त्यातला काळाचा हिशेब मात्र पक्का आहे. सव्वा महिना म्हणजे चाळीसेक दिवस, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची सहा आठवड्यांची तपासणीही तेव्हाच येते. तोवर अंगावरून जाणे थांबत आलेले असते, गर्भाशय पूर्वीच्या आकाराला येते, टाके भरतात, रक्तदाब पुन्हा मोजला जातो. बाळाची पहिली मोठी लसही सहाव्या आठवड्यात असते. म्हणून माझे मत ठाम आहे. घरी काही अडचण नसेल तरी सातव्या-आठव्या आठवड्याआधी लांबच्या विमानाचा विचार करू नये, आणि तीन महिने थांबता येत असेल तर थांबावे. परतीचे तिकीट आधीच काढायचे असेल तर तारीख बदलता येईल असेच काढा. थोडे महाग पडते, पण ताप आलेल्या बाळाला ‘तिकीट फुकट जाईल’ म्हणून विमानात चढवण्यापेक्षा ते स्वस्त.

लसींचे वेळापत्रक इथे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण तिकडे ते वेगळे असते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जन्मतःच बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि हिपॅटायटिस बी देतात. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरसचे डोस. न्यूमोनियाची पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना, नंतर नऊ महिन्यांना. अमेरिकेत मुख्य डोस २, ४, ६ महिन्यांना आणि जर्मनीत २, ४, ११ महिन्यांना असतात. बीसीजी दोन्हीकडे सर्वांना देत नाहीत. दंडावर उठणारा फोड पाहून तिकडची नर्स दचकते, म्हणून लसीकरण कार्डावर तारखा, लसीचे नाव आणि बॅच क्रमांक इंग्रजीत लिहून डॉक्टरांचा शिक्का घ्या. सहा आठवड्यांची लस घेऊन तीन-चार दिवस जाऊ द्या, म्हणजे ताप आलाच तर तो घरीच येऊन जाईल.

इतके आठवडे थांबायचे म्हणजे स्वस्थ बसायचे असे नव्हे. कागदपत्रांना तेवढा वेळ लागतोच, आणि ती पहिल्या दिवसापासून हाती घ्यावी लागतात.

पहिली पायरी जन्मनोंदणीची. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. रहाटणीत राहून प्रसूती वायसीएम रुग्णालयात किंवा थेरगावच्या एखाद्या रुग्णालयात झाली तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. बाणेरच्या रुग्णालयात झाली तर पुणे महापालिकेचा. पुष्कळ आजोबा चुकीच्या कार्यालयात दोन चकरा मारून येतात. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. त्यामुळे या कागदाला आता पर्याय नाही.

खरी गोम नावांत असते. रुग्णालयातला फॉर्म बहुधा रात्रभर जागलेला मामा नाहीतर आत्या भरते. लग्नानंतर आईचे नाव बदललेले असते, पण पासपोर्टवर माहेरचेच असते. वडिलांच्या ‘संदीप’चे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर डबल ई ने आणि फॉर्मवर आयने. मराठी दाखल्यात हा फरक कोणाला दिसत नाही, व्हिसाच्या खिडकीवर मात्र लगेच दिसतो. प्रसूतीला जाताना बॅगेत दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स ठेवा आणि फॉर्म त्यावर बघूनच भरायला सांगा. बाळाचे नाव दाखल्यात नंतर घालता येते, पण पासपोर्टला ते लागतेच. म्हणून बाराव्या दिवशीचे बारसे नातेवाईक जमत नाहीत म्हणून लांबवायचे असेल तर खुशाल लांबवा, नाव मात्र आधी ठरवून नोंदवा. आणि आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. अमेरिकेच्या कागदांत एकच नाव असलेल्या माणसाची फरफट होते. दाखल्याच्या तीन-चार मूळ प्रती घेऊन ठेवा.

पासपोर्टसाठी मुंढव्याच्या सेवा केंद्रात बाळालाही न्यावे लागते. भेटीची वेळ शक्यतो सकाळची घ्या आणि निघण्याआधी दूध पाजा. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपण न्यायचा असतो. पार्श्वभूमीला पांढरे कापड, डोळे उघडे, कोणाचा हात दिसता कामा नये. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून, खिडकीच्या उजेडात, पोट भरल्यावर अर्ध्या तासाने प्रयत्न करा. अठरा वर्षांखालच्यांसाठी साधे शुल्क १,००० रुपये आहे आणि आठ वर्षांखालच्या नव्या अर्जाला त्यात १० टक्के सवलत मिळते. पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. वडील परदेशातच असतील तर दोघांच्या सहमतीचे प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे ‘अ‍ॅनेक्शर डी’ म्हणतात, त्यावर त्यांची सही तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यावी लागते. हे काम त्यांनी प्रसूतीनंतर लगेच हाती घ्यावे, कारण वकिलातीतल्या वेळा आणि कुरिअर यांतच आठवडे जातात.

व्हिसा देशागणिक वेगळा असतो. त्यामुळे त्या त्या वकिलातीच्या संकेतस्थळावरची यादी छापून समोर ठेवा, एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. एवढे मात्र लक्षात असू द्या: आईकडे एच-४ व्हिसा किंवा जर्मनीचे निवासपत्र आहे म्हणून इथे जन्मलेले बाळ आपोआप त्यात बसत नाही, त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. शिक्क्याआधी तारीख धरून बसू नका.

उलट दिशेने येणारेही काही असतात. बाळ अमेरिकेत जन्मले, तीन महिन्यांनी आजीआजोबांना दाखवायला आणायचे आहे. तिकडे जन्मलेले बाळ अमेरिकन नागरिक असते. त्याचा पासपोर्ट काढताना साधारणपणे दोन्ही पालकांना हजर राहावे लागते, आणि आईवडील भारतीय असले तरी त्या पासपोर्टवर भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. या एका गोष्टीपायी कितीतरी कुटुंबांची तिकिटे पुढे ढकलली जातात.

आता सोबतीचा प्रश्न. सिझेरियन झालेल्या बाईने दोन महिन्यांचे बाळ, डायपरची बॅग आणि दोन सुटकेस घेऊन एकटीने पंधरा तास उडू नये. नवऱ्याने घ्यायला यावे किंवा आजीने सोबत जावे, तिसरा पर्याय मी सुचवणार नाही. आजी जाणार असेल तर तिच्या व्हिसाची सुरुवात लेकीच्या पाचव्या महिन्यातच करा. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख सहज मिळत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण त्यावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. ते नव्वद दिवस विमानतळावर उतरल्यापासून मोजले जातात. म्हणून आजीला लेकीच्या आधी पाठवून घर लावायला लावणे ही चैन आहे. आई एकटीच बाळाला घेऊन निघालीच, तर वडिलांचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला हातातल्या बॅगेत असू द्या. आपल्या विमानतळावर कोणी विचारेल न विचारेल, उतरल्यावर विचारू शकतात.

तिकीट काढताच विमान कंपनीला फोन करून बाळाचे नाव त्यावर चढवा आणि समोरच्या भिंतीला लावायचा पाळणा मागा. पाळणे मोजकेच असतात आणि प्रत्येकाला वजनाची मर्यादा असते. मांडीवरच्या बाळाचे तिकीट बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दहाव्या हिश्शाइतके पडते. त्याच फोनवर व्हीलचेअरही सांगा. ‘ती म्हाताऱ्यांसाठी असते’ असे घरात कोणी म्हणेलच. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या टर्मिनल दोनवर दारापासून गेटपर्यंतचे अंतर चालून पाहिलेला माणूस असे म्हणणार नाही. सिझेरियननंतर सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. केबिन बॅग वरच्या कप्प्यात ठेवणे हे त्याच यादीत येते.

युरोप-अमेरिकेच्या बहुतेक फेऱ्या मुंबईहून, त्याही मध्यरात्रीनंतरच्या. रहाटणीहून काळेवाडी फाटा, डांगे चौक, रावेत करत किवळ्याला द्रुतगती मार्गाला लागलात की घाट आणि मुंबईची वाहतूक धरून चार तास हाताशी ठेवा. वाटेत दूध पाजायचे तर गाडी फूड मॉलला थांबवून पाजा, चालत्या गाडीत मांडीवर घेऊन नको. भाड्याच्या गाडीत बाळाची सीट नसते, म्हणून ती स्वतःची असावी. पण इथे घेतलेली सीट अमेरिकेत चालेलच असे नाही, कारण तिथे त्यांच्या मानकाचे लेबल लागते. जमत असेल तर आदल्या दिवशी दुपारी विमानतळाजवळ कोणा नातलगाकडे जाऊन निजा.

बॅग भरताना आजीचा हात आवरावा लागतो. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, सुंठ, काढ्याच्या पुड्या, घरचे तूप, सगळे ती भरते. युरोपीय संघात प्रवाशाने बाहेरून दूध आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे आणि तूप त्यातच येते. सूट आहे ती बाळाच्या दूध पावडरीला: बंद डबा, दोन किलोपर्यंत. अमेरिकेत खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर नमूद करावी लागते, लपवली तर दंड होतो. डबीतले काजळ घरीच ठेवा, त्यात शिसे निघाल्याची प्रकरणे आहेत आणि अमेरिकेत ते विकायला परवानगी नाही. बाळगुटीचे मुरडशेंग-वेखंड बॅगेतून कस्टमसमोर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, हेच ते सांगतील. लाडू मात्र हातातल्या डब्यात चार न्या आणि विमानातच संपवा. भूक पाजणाऱ्या बाईला लागते, आणि ट्रॉली येईपर्यंत थांबवत नाही.

विमानात बाळाचे कान दुखतात ते चढताना कमी आणि उतरताना जास्त. उतरायला सुरुवात झाल्याची घोषणा झाली की अंगावर घ्या किंवा बाटली द्या, गिळताना कान मोकळे होतात. झोपलेल्या बाळाला उगीच उठवू नका. हवा फार कोरडी आणि गार असते. दोन झबली, एक कुंची आणि सुती दुपटी दोन-तीन, एवढे हाताशी हवे. लोकरीच्या जाड गोधडीत गुंडाळलेले बाळ विमानात घामाघूम होते. डायपर तासाला एक या हिशेबाने घ्या, आणि आईसाठीही कपड्यांचा एक जोड, कारण दूध तिच्याच अंगावर सांडणार. पाजण्यासाठी बरोबर नेलेल्या दुधाला १०० मिलिलिटरची मर्यादा लागू होत नाही, तपासणीत ते वेगळे काढून दाखवा.

आईने दर दीड-दोन तासांनी उठून चालावे. बाळ झोपले म्हणून आपणही पाय न हलवता बसून राहायचे, असे करू नये. पाणी भरपूर प्यावे. आणि पुढची चिन्हे प्रवासात किंवा पोहोचल्यावर दिसली तर ‘दमलीये’ म्हणून सोडून देऊ नये: एकाच पायाची पोटरी सुजणे किंवा दुखणे, धाप लागणे, तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ताप, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोके ठणकणे. यातले काहीही झाले तर थेट इमर्जन्सीत जायचे. ‘नुकतीच बाळंतीण झाले आहे’ हे वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून ठेवा. हे कळल्याशिवाय तिथले डॉक्टर त्या दिशेने विचार करतीलच असे नाही.

पोहोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यांत कठीण जातात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. इथे चार जणी आलटून पालटून बाळ घेत होत्या. तिथे साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि घरात आवाज एकट्या बाळाचा. रडू येणे, झोप येत असूनही न लागणे, बाळाजवळ जावेसे न वाटणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सासूबाईंचे ‘आमच्या वेळी’ सुरू होण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

शेवटचे काम तिकडे बसलेल्या बाबांचे. त्यांनी व्हिडिओ कॉलवर बाळ बघत बसण्याआधी या गोष्टी उरकाव्यात. अमेरिकेत कंपनीच्या आरोग्यविम्यात बाळाचे नाव घालण्याची मुदत बहुधा जन्मापासून ३० दिवसांची असते. बाळ पिंपरीत आहे म्हणून ती थांबत नाही. एचआरला पहिल्याच आठवड्यात मेल करा. जर्मनीत सार्वजनिक विम्यात मूल कुटुंबासोबत विनाशुल्क येते, आणि प्रसूतीनंतर बारा आठवड्यांपर्यंत घरी येणाऱ्या सुईणीचा, म्हणजे हेबामेचा, खर्चही तो विमा देतो. तिचा शोध आधीच लावा, कारण शहरांत त्या सहजी मिळत नाहीत. बालरोगतज्ज्ञांची पहिली वेळ बाळ उतरण्याआधीच घेऊन ठेवा. ऑफिसातून दोन आठवड्यांची सुट्टी टाका, ‘घरून काम’ नव्हे, सुट्टी. आणि विमानतळावर न्यायला येताना पुष्पगुच्छ विसरलात तरी चालेल, गाडीच्या मागच्या सीटवर मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट आदल्या दिवशीच घट्ट बसवलेली हवी. जर्मनीत आणि अमेरिकेत तिच्याशिवाय बाळाला गाडीतून घरी नेणे बेकायदा आहे.